'इजिप्त' बोटीचं सोनं आणि माणसं
आता आपण 'इजिप्त'कडे येऊ. 'टायटॅनिक' सगळ्यांना ठाऊक. ही बोट तर आपल्या मुंबईलाच यायला निघाली होती, तरी तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. पी. अँड ओ. कंपनीची ही प्रवासी बोट लंडनजवळच्या टिलबरीहून सुटली. 20 मे 1922 ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यापलीकडे दाट धुक्यात 'सेन' ही फ्रेंच मालवाहू बोट तिच्या कुशीत घुसली. वीसएक मिनिटांत सगळं संपलं.

बोटीवर 44 प्रवासी आणि 294 कर्मचारी. गेले 86, त्यांतले 71 कर्मचारी. कर्मचाऱ्यांत भारतीय खलाशी पुष्कळ होते. त्यांनीच गोंधळ घातला, अशी तेव्हा ओरड झाली. चौकशीत मात्र कप्तानावर ठपका आला: होड्या उतरवण्याची तालीमच नीट झालेली नव्हती. मग ऐन वेळी खलाशांनी करायचं तरी काय?

आणि माल? दहा लाख पौंडांहून जास्त किमतीचं सोनं-चांदी. विम्याचे पैसे मिळाले, तरी ते कुणी तिथं सोडलं नाही. इटालियन पाणबुड्यांनी 1930 मध्ये शंभर मीटरहून खोल तळाशी बोट शोधली. त्याच डिसेंबरात दुसऱ्या एका बुडालेल्या बोटीतला दारूगोळा उडवताना त्यांची 'आर्तिल्यो' बोट गेली, माणसंही गेली. दुसरी बोट आणली. जून 1932 मध्ये सोनं वर यायला लागलं आणि 1935 पर्यंत बहुतेक सगळं काढून झालं.