जीवपेटी

काचेच्या पेटीत माती, पाणी आणि जिवंत झाडे यांची सांगड घालून त्यांत लहान प्राणी नांदवण्याची रचना. ‘व्हिवॅरियम’ हे तिचे रूढ परदेशी नाव. नुसत्या पाण्याची ती मत्स्यपेटी, नुसत्या मातीची ती भूपेटी आणि अर्धे पाणी, अर्धी जमीन अशी ती पाणथळपेटी. बेडूक आणि लहान मासे यांचा एकत्र विचार करायचा तर ही तिसरीच लागते. प्रस्तुत नोंद करमाळा तालुक्यातील केम (जि. सोलापूर) आणि भोवतालचा अवर्षणप्रवण पट्टा डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. जीवपेटीविषयी जे सहसा वाचायला मिळते ते थंड किंवा बारमाही दमट मुलखांतले असते. ते जसेच्या तसे इथे उचलले तर वैशाखात पेटीतले जीव उकडून मरतात.

कल्पनेचा उगम : लंडनचे डॉक्टर नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी १८२९ मध्ये एका पतंगाचा कोश ओलसर मातीसकट बंद बाटलीत ठेवला. काही दिवसांनी त्या मातीत नेचा आणि गवत उगवले. शहराच्या धुरकट हवेत त्यांच्या अंगणातले नेचे तग धरत नसत, बाटलीतला मात्र तरारला. दिवसा मातीतल्या पाण्याची वाफ काचेला लागे, थेंब होऊन ओघळे आणि परत मातीत मुरे. वॉर्ड यांनी यावरून काचेच्या बंद पेट्या करवल्या आणि १८३३ मध्ये रोपे भरून त्या जहाजाने सिडनीला धाडल्या; रोपे जिवंत पोहोचली. पुढे चीनमधला चहा आणि दक्षिण अमेरिकेतला सिंकोना भारतात आला तो अशाच पेट्यांतून. पाण्याच्या बाजूने हाच विचार रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने केला. त्याने १८५० च्या सुमारास एका भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवले, की एकाचा मल दुसऱ्याचे खत होते आणि पाणी नासत नाही. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. महाराष्ट्रात मासे काचेआड पाहण्याची हौस लोकांना लावली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने (१९५१).

स्थानिक परिस्थिती : केम हे दौंड–सोलापूर लोहमार्गावरचे गाव. पाऊस वर्षाला सरासरी पाच-साडेपाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार. तालुक्याच्या एका अंगाला उजनी धरणाचा फुगवटा, दुसऱ्या अंगाला सीना नदी. मधला मुलूख मुरमाड माळ, काळी जमीन, खोल विहिरी आणि बोअर यांचा. इथे बेडूक कशाला असतील, असे बाहेरच्याला वाटते. पण या माळावर बेडूक आठ-आठ महिने जमिनीखाली दबून असतात. बिळात राहणाऱ्या जातींच्या मागच्या पायाच्या टाचेशी फावड्यासारखा एक कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरत बेडूक मागच्या मागे, पाठीकडून जमिनीत उतरतो आणि ओल सापडेल तिथे थांबतो. मृगाचा पहिला दणका बसला, बांधाच्या कडेला नि शेतातल्या सखल जागी पाणी साचले, की त्याच रात्री रान ओरडू लागते.

त्या दिवसांत साचलेल्या पाण्यापाशी जाऊन पाहावे. एरवी शेवाळी-तपकिरी दिसणारे मोठ्या बेडकाचे नर लिंबासारखे पिवळेधमक झालेले असतात. ओरडताना हनुवटीच्या दोन्ही बाजूंना निळ्याशार पिशव्या फुगतात. मादी अंडी घालून निघून जाते, पुढच्या काही दिवसांत नरांचा रंग उतरतो आणि ते पुन्हा मातीसारखे होतात. डबके आटायच्या आत अंड्यातून भैकेर (टॅडपोल), भैकेराला पाय, शेपटी गळणे, हे सगळे उरकायचे असते. पाऊस ओढ देतो त्या वर्षी वाळत चाललेल्या चिखलात काळ्या भैकेरांचे वळवळते पुंजके दिसतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे फक्त भेगा असतात. जीवपेटी ज्याला बांधायची त्याने आधी एक पावसाळा हे पाहावे. पेटीत काय उभे करायचे ते त्यातून जितके कळते तितके कोणत्याही पुस्तकातून कळत नाही.

बेडकाची कातडी : बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांजवळच्या पातळ कातडीने तो ते शोषतो. श्वासाचा बराच भागही ओल्या कातडीतूनच चालतो. म्हणून पाण्यात जे विरघळले ते बेडकाच्या अंगात गेले असे समजावे. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर पडते त्या दिवशीचे नळाचे पाणी, साबणाने धुऊन नीट न खळबळलेली बादली, शेजारच्या रानात मारलेल्या औषधाचा वाऱ्याने आलेला फवारा, यांपैकी काहीही पुरते. केमचे नाव महाराष्ट्रभर कुंकवासाठी घेतले जाते. ज्या घरांत हाताला हळदी-कुंकवाची पूड सतत लागलेली असते, तिथे पेटीत हात घालण्यापूर्वी तो नुसत्या पाण्याने तीनदा धुवावा. बेडूक हातात धरण्याची तर वेळच येऊ देऊ नये.

बांधणी : घरगुती पेटीला ९० सेंमी. लांब, ४५ सेंमी. रुंद आणि तेवढीच उंच हे माप सोयीचे पडते. काच निदान ६ मिमी. जाड घ्यावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यावर खडी, माती, काच. भरलेली पेटी शंभर किलोच्या पुढे जाते, तेव्हा ती लाकडी कपाटावर ठेवू नये. विटांचा पक्का कट्टा बरा. सांधे सिलिकॉनने भरावेत. बुरशीरोधक मिसळलेले सिलिकॉन टाळावे, आणि भरल्यावर शिरक्यासारखा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी कोरडी ठेवावी.

पेटीच्या एका अंगाला दगड रचून जमीन उंच करतात आणि ती उतरत पाण्यात नेतात. हा उतार हे सगळ्या बांधणीचे मर्म आहे. उभ्या काठाच्या पाण्यात नुकता पाय फुटलेला बेडूक बाहेर पडू शकत नाही आणि दमून बुडतो. जमिनीच्या तळाशी खडीचा थर, त्यावर नायलॉनची जाळी, वर नारळाच्या काथ्याचा भुसा व बागेतली खत न घातलेली माती आणि सर्वांत वर वाळलेली पाने असा क्रम ठेवला, की जादा पाणी खाली झिरपते आणि मुळे कुजत नाहीत. खडी काळ्या पाषाणाची असावी. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरट खडे फार. ते पाण्यात राहिले तर आधीच जड असलेले पाणी आणखी जड होते. खड्यावर लिंबाचा रस पिळावा. फसफसले तर चुनखडी, तो खडा बाजूला.

पाणी : बोअरचे पाणी वापरावेच लागले तरी उडालेल्या पाण्याची भर पावसाच्या पाण्याने घालावी. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, क्षार मात्र मागेच राहतात. रोज बोअरचे पाणी ओतत गेले की काचेवर पांढऱ्या रेघा चढत जातात आणि आतले पाणी महिन्यागणिक खारवत जाते. पत्र्यावरचे पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पुढचे पिंपात धरावे. नळाचे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर उन्हावाऱ्यात ठेवले की त्यातला क्लोरीन बराचसा निघून जातो.

पाणी भरले त्याच दिवशी मासे सोडण्याची घाई ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट झाडे खातात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी. ही जिवाणूंची वस्ती खडीवर नि मुळांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत झाडेच असावीत. उष्णतेचा प्रश्न याहून बिकट आहे. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. उन्हाळ्यात मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करताना दिसले तर हे कारण धरावे. इथे लाइट जाते तेव्हा पंप आणि पंखा दोन्ही थांबतात, म्हणून यंत्रावर उभी असलेली पेटी या भागात टिकत नाही. माठाचे तत्त्व वापरावे : पेटी उत्तरेच्या भिंतीशी ठेवावी, तीन बाजूंना ओले गोणपाट आणि वर जाळीचे झाकण. घट्ट काच लावून ओल कोंडणे ही वॉर्ड यांची युक्ती लंडनमध्ये ठीक होती. केममध्ये मे महिन्यात बंद काच म्हणजे भट्टी.

झाडे : पाण्यात हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया, काठावर ब्राह्मी, वेखंड, लव्हाळा, जमिनीवर अळू व नेचे. ब्राह्मी पाण्यात नि पाण्याबाहेर दोन्हीकडे सारखीच पसरते, त्यामुळे काठ शिवल्यासारखा दिसतो. रोपवाटिकेतून आणलेले प्रत्येक रोप जुनी माती धुऊन दोन आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवावे, कारण त्यावर कीटकनाशक असू शकते. जलपर्णी कितीही देखणी वाटली तरी आणू नये. तिचा एक तुकडा ओढ्यात गेला की काय होते, हे भीमाकाठच्या लोकांना सांगायला नको.

मासे : पाण्याच्या वरच्या थरात वावरणारा, डोक्यावर पांढरा चकचकीत ठिपका असलेला पिकू, मधल्या थरात रास्बोरा आणि डॅनिओ, तळाशी मुरी, हे आपल्याच द्वीपकल्पातले, उन्हाळा सोसणारे मासे. उजनीतली चिलापी पेटीत नको. ती वाढते भराभर आणि पुढ्यात येईल ते खाते. ‘गप्पी’ या नावाचा मात्र खुलासा केला पाहिजे. हिवतापाच्या डासांवर उपाय म्हणून आरोग्य खाते जे मासे वाटते त्यांत दोन वेगळ्या जाती एकाच नावाने वावरतात : दक्षिण अमेरिकेतला रंगीत शेपटीचा गप्पी आणि उत्तर अमेरिकेतला करड्या रंगाचा गॅम्बुशिया. गॅम्बुशिया डासांच्या अळ्यांबरोबर बेडकाची अंडी आणि भैकेरही कुरतडतो. जिथे बेडूक वाढावेत अशी इच्छा आहे तिथे तो सोडू नये. उलट बाजूनेही हिशेब आहेच. मोठा बेडूक तोंडात मावेल तो मासा गिळतो, आणि चामखिळी अंगाच्या भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतून विषारी चीक येतो, जो थोड्या पाण्यात माशांना घातक ठरतो.

बेडूक कुठून आणावेत : रानातून आणू नयेत, हे या नोंदीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य. बेडकांच्या तंगड्यांच्या व्यापाराने शेतांतले बेडूक कमी होऊ लागले, तेव्हा १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने बेडकांना संरक्षण दिले आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्या अनुसूची नव्याने लावल्या आहेत. परदेशी रंगीत बेडूक विकत घेण्याच्या मोहालाही दुसरी बाजू आहे. कातडीवर वाढून बेडकाचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी १९९९ मध्ये शास्त्रीय नावानिशी नोंदली गेली; प्राण्यांच्या व्यापारातून ती खंडोखंडी गेली आणि तिने कितीतरी जाती संपवल्या. पेटीतले पाणी म्हणूनच ओढ्यात वा विहिरीत कधी ओतू नये, ते लांब कोरड्या जमिनीवर ओतून उन्हात वाळू द्यावे. माशांचीही हीच कथा. सह्याद्रीचे नाव ज्या प्रजातीला मिळाले तो लाल पट्ट्याचा ‘सह्याद्रिया’ शोभेच्या माशांच्या बाजारापायी केरळच्या नद्यांत विरळ झाला. याउलट आंबोलीला २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशासाठी ती जागाच २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून राखली गेली.

उघडी जीवपेटी : या सगळ्याचा विचार करता करमाळ्यासारख्या मुलखाला काचेच्या पेटीपेक्षा अंगणातला हौद अधिक साजेसा आहे, असे ठामपणे म्हणता येते. मासे आणि झाडे आपण आणावीत, बेडूक आपणहून येऊ द्यावा. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, खोल बाजूला ६० सेंमी. असा खड्डा, आत सिमेंटचा गिलावा आणि एका अंगाला पायरीपायरीने वर येणारा दगडी उतार एवढे पुरते. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, तेव्हा पाणी भरून आठवड्याने काढायचे, असे तीन-चार वेळा करून मग झाडे लावावीत. हौदाशेजारी फुटक्या माठाची खापरे, ओल्या दगडांचा ढीग आणि एक कोपरा न झाडलेला असावा. रात्रभर जळणारा दिवा जवळ नसावा. पुढच्या मृगात बहुधा पहिला भेक येतो आणि खापराखाली मुक्काम ठोकतो. अंडी घातलीच तर वेखंडाच्या बुंध्याभोवती काळे मणी ओवलेल्या दुपदरी माळा गुंडाळलेल्या दिसतात. नशीब असेल तर झाडबेडूकही येतो. तो अंडी पाण्यात घालत नाही. पाण्यावर वाकलेल्या अळूच्या पानाला रात्रीतून साबणाच्या फेसासारखा पांढुरका गोळा चिकटवून जातो. दोन-तीन दिवसांत फेसाची वरची बाजू वाळून खरपुडी धरते, आतून ओलीच राहते. मग एखाद्या संध्याकाळी पाऊस लागतो, गोळा खालून सैल होतो आणि भैकेर एकेक करून हौदात टपकू लागतात.