साताऱ्याचा ‘ऱ्या’ आणि फोनमधला सूत्रधार

‘साताऱ्याला’ हा शब्द फळ्यावर लिहिताना आपण क्षणभरही थांबत नाही. ‘य’च्या डाव्या अंगाला एक लहानशी वळणदार रेघ काढली की झाले. संगणकाला मात्र हे कुणीतरी शिकवावे लागते. शिकवले नाही, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि सह्याद्रीच्या घळींत समुद्र शिरतो! आज बहुतेक फोनवर हे जोडाक्षर नीट उमटते. पण उद्या ते चुकले, तर दुरुस्त करण्याची मुभा कोणाला? या प्रश्नाच्या निमित्ताने स्मार्टफोनच्या इतिहासाचे एक फारसे न वाचले गेलेले पान आपण उलगडून पाहू.

फोनच्या यंत्रभागांकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीला गाभा म्हणजे ‘कर्नल’ म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स हा गाभा सर्वांसाठी खुला केला. अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे. पण गाभा आपल्याला दिसत नाही. दिसते ते त्यावरचे कवच, म्हणजे ‘शेल’. कुलूप लावलेला पडदा, वरची बॅटरी-घड्याळाची पट्टी, चिन्हांची मांडणी हे सारे कवचाचे काम.

सांगलीकरांना हे समजावणे सोपे आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवले. त्यांच्या नाटकांत सूत्रधार सतत रंगमंचावर असे. पदे तोच गाई आणि पात्रे त्याच्या धोरणाने येत-जात. फोनचा पडदा हाही एक रंगमंचच. कोणती खिडकी पुढे यायची, कोणती मागे सरायची, फोन वाजला की कोणी वाट द्यायची, हे ठरवणारा सूत्रधार कवचात असतो.

हा सूत्रधार मुक्त असावा, म्हणजे त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता यावी, असे प्रयत्न अनेकदा झाले. ‘ओपनमोको’ने २००७ मध्ये निओ १९७३ हा फोन आणला, पण दोनच वर्षांत फोनचे काम थांबवले. नोकियाने २००९ मध्ये लिनक्सवर चालणारा एन९०० विक्रीस काढला. २०११ मध्ये मात्र कंपनी विंडोजकडे वळली. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसचा फोन २०१४ मध्ये भारतात दोन हजार रुपयांच्या आत मिळू लागला. २०१६ पर्यंत मोझिलानेही हात काढून घेतला. २०१७ मध्ये कॅनॉनिकल कंपनीने उबुंटूचा फोन सोडून दिला.

तुम्ही म्हणाल, ही तर अपयशांची यादी झाली! कंपन्यांच्या दृष्टीने होय. पण आज्ञावल्यांचे काय झाले ते पाहा. उबुंटूच्या फोनचे काम स्वयंसेवकांनी ‘यूबीपोर्ट्स’ या नावाने पुढे नेले आणि त्याचे कवच आज ‘लोमिरी’ म्हणून जिवंत आहे. फायरफॉक्स ओएसच्या संहितेतून कायओएस घडली, आणि ती २०१७ च्या जिओफोनमधून आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली. दुकान बंद झाले, पण संहिता उरली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचे खरे बळ इथे दिसते. एकदा दिलेली मुभा नंतर मागे घेता येत नाही.

याच परंपरेतले कवच म्हणजे ‘फोश’. ‘फोन’ आणि ‘शेल’ जोडून हे नाव झाले. प्युरिझम या अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये लिब्रेम ५ या फोनसाठी लोकवर्गणी मागितली आणि वीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. फोन जानेवारी २०१९ मध्ये द्यायचा होता, मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू व्हायला नोव्हेंबर २०२० उजाडला. मधल्या काळात गुइडो ग्युंटर आणि सहकाऱ्यांनी फोश घडवले. ते कोऱ्या पाटीवर नव्हे. १९९७ पासून चालत आलेल्या ‘नोम’ या संगणकी पडद्याच्या प्रकल्पातील साधने त्यांनी घेतली.

अडचण होती ती आकाराची. टेबलावरच्या रुंद पडद्यासाठी केलेली खिडकी तळहाताएवढ्या जागेत कशी मावायची? त्यासाठी खिडकीला घडी घालायला शिकवले. रुंद पडद्यावर दोन रकाने शेजारी-शेजारी, तर फोनवर एकामागे एक. हे तंत्र पुढे मूळ प्रकल्पातही गेले आणि टेबलावरच्या संगणकालाही उपयोगी पडले. फोनसाठी केलेल्या टंकफलकाची मांडणीही साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवली. कळा कुठे असाव्यात हे त्या फाइलीत बदल करून ठरवता येते.

आणि आपला ‘ऱ्या’? फोशमधली अक्षरे जुळवतात ‘पँगो’ आणि ‘हार्फबझ’ या मुक्त आज्ञावल्या. ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ एकापुढे एक आले की वळणदार रेघ काढायची, हा नियम त्यांना आणि टंकाला ठाऊक असतो. देवनागरीचा मुक्त ‘लोहित’ टंक सुधारण्याचे बरेच काम रेड हॅटच्या पुण्यातील मंडळींनी केले. त्यांच्यापुढे होता टेबलावरचा संगणक. फोशचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी ते श्रम फोशच्या कामी आले, कारण त्यांवर कुलूप नव्हते.

भाबडेपणा मात्र नको. असे फोन आजही थोडे आहेत. बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप्स सहसा अँड्रॉइड किंवा आयफोनसाठीच बनतात. जुन्या फोनवर लिनक्स चढवले, तर कॅमेरा किंवा कॉल चालेलच याची खात्री नाही. तरीही कंपनीने सोडून दिलेला फोन शाळेच्या कपाटात पडून राहण्याऐवजी मुलांच्या हाती अभ्यासाला येऊ शकतो, हे काही कमी नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे. अशा गटांशी जवळपासच्या शाळांनी ओळख करून घ्यावी, असे आम्हांला वाटते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. साताऱ्याला, दऱ्या-दर्या, आचाऱ्याला-आचार्याला हे शब्द जुन्या व नव्या फोनवर आणि संगणकावर लिहायला सांगा. कुठे गुरूचा स्वयंपाकी होतो ते टिपा. चूक सापडलीच, तर मुलांना एवढेच विचारा: ही चूक आपल्याला सुधारता येईल, की कुणाकडे अर्ज करून वाट पाहावी लागेल?