‘फरक’ आणि ‘व्यत्यास’

भिन्नता सांगणारे शब्द मराठीत अनेक असले, तरी त्यांची कार्यक्षेत्रे एक नाहीत. ‘भेद’ बुद्धी करते. जीव आणि शिव यांतील भेद डोळ्यांना दिसत नाही. ‘अंतर’ मोजले जाते, आणि ‘अंतर देणे’ म्हणजे आपल्या माणसाला दूर लोटणे. ‘तफावत’ हिशेबात निघते. प्रत्यक्ष जाणवणारी भिन्नता मात्र ‘फरक’ या शब्दाकडे आली. ‘औषधाने फरक पडला’ असे रुग्ण म्हणतो, तेव्हा जाणवण्याइतका आराम हा अर्थ त्या एका शब्दात सामावतो. तेथे ‘भेद’ ठेवून पाहावा. वाक्यच उभे राहत नाही.

‘फरक’ मूळचा अरबी. वेगळे करणे हा त्याच्या धातूचा अर्थ. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’ने कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही बोलण्यातून ‘फरक’ हटला नाही. त्याचे काम करणारा दुसरा शब्द भाषेजवळ नव्हता, हेच त्याचे कारण असावे.

संस्कृत शब्द सर्वांना सारखाच कळतो, या समजुतीची परीक्षा बंगळूर परिसरात होते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखान व शहाजीराजे यांच्या नेतृत्वाखाली येलहंकाच्या नाडप्रभू घराण्याकडून बंगळूर घेतले. पुढे शहाजीराजांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषांतील रचना आल्या; वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील मराठी-कन्नड शेजार इतका जुना आहे.

त्या परिसरातील कन्नड माणूस ‘फरक’ या अर्थी ‘व्यत्यास’ म्हणतो. शाळेत वजाबाकीचे उत्तरही ‘व्यत्यास’च. संस्कृतात या शब्दाचा अर्थ उलटापालट, अदलाबदल. मराठीने तोच जपला. म्हणून आपल्या भूमितीत प्रमेयाचा ‘व्यत्यास’ असतो. एकाच संस्कृत शब्दाने दोन शेजारी भाषांत दोन वाटा धरल्या. येलहंकातील मराठी घरातले मूल कन्नड शाळेत हा शब्द शिकते, आणि घरच्या मराठी पुस्तकात तोच शब्द त्याला चकवतो. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारून घेतो. ओळखीचा वाटणारा शब्द विचारण्याची गरजच भासू देत नाही.

म्हणूनच शब्दाचे कूळ पाहून त्याला ठेवावे की काढावे, हे ठरवणे धोक्याचे आहे. ‘फरक’ परकुळातून आला, पण मराठी माणसाचे दुखणे किती उतरले हे तोच सांगतो. ‘व्यत्यास’ स्वकुळातला, त्याचा अर्थ मात्र बोलणारा कोणत्या भाषेत बोलतो आहे, हे पाहूनच लावावा लागतो.