घरमालकाचा नकार कोणत्या कागदावर सापडतो?

अकरावीला मी लातूरला होतो. क्लासच्या मागच्या गल्लीत तिघांत मिळून एक खोली. एका सकाळी नळावर पाणी भरताना मला फिट आली. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी कांदा होता, बाजूला कुणाची तरी चप्पल पडली होती आणि दारात घरमालकीण काकू उभ्या होत्या. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "बाळा, लेक यायलाय पुण्याहून. खोली लागतीय." लेक काही आला नाही. पुढच्या आठवड्यात तिथं दुसरी पोरं राहायला आली.

काकूंवर राग काढायला हे लिहीत नाहीये. त्यांनी मला हाकललं नाही, 'खोली लागतीय' एवढंच म्हणाल्या. आता प्रश्न असा, की पन्नास वर्षांनी लातूरच्या भाड्याच्या खोल्यांचा इतिहास लिहायला कुणी बसलं, तर त्याला हा नकार कुठल्या दप्तरात सापडेल?

आधी जिथं सापडतो ते बघू. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या मूळ मजकुरात अपस्मार नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने तो आला: वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीचं लग्न रद्द करून मागता येऊ लागलं. १९९९ च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द काढला, वेडाचा उल्लेख मात्र ठेवला. मधल्या २३ वर्षांत असं लग्न मोडायचं तर कोर्टात जावं लागे. म्हणजे अर्ज, डॉक्टरांची साक्ष, उलटतपासणी, निकाल. अन्याय होता, पण कागदावर होता. कलमावर बोट ठेवून 'हा शब्द काढा' असं म्हणता येत होतं.

भाड्याच्या घराचं तसं नाही. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथं मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा नव्हता. हैदराबाद राज्याचा १९५४ चा स्वतंत्र कायदा होता. (नांदेड-लातूरवर काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. मुंबईचे दाखले इथं सरसकट लावण्याची चूक मीही केली आहे.) विदर्भाचा आणखी तिसरा. या तिन्हींच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडे थकवणं, पोटभाडेकरू ठेवणं, शेजाऱ्यांना उपद्रव, मालकाची स्वतःची गरज, अशी घर खाली करून घेण्याची कारणं त्यात दिली आहेत. आजार हे कारण नाही. वाचताना बरं वाटतं. पण हा कायदा सुरू होतो तो भाडेकरू घरात शिरल्यावर. दारातूनच परत पाठवलं तर तो काही बोलत नाही. आणि काकूंचं 'लेक यायलाय' हे वाक्य कायद्याच्या भाषेत नेलं, तर ती चक्क 'मालकाची वाजवी गरज' होते!

अपंगत्व हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, पण त्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत अपस्माराचं नाव नाही.

मग करार बघावेत? भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ही जबाबदारी १९९९ च्या कायद्याने मालकावर टाकली आहे. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत बहुतेक व्यवहार तोंडी, डिपॉझिट रोख. आणि करार झाला तरी ज्याला खोली मिळाली त्याचंच नाव त्यात येणार. ज्याला मिळाली नाही, त्याचा कागद कोण करतो?

राहिल्या मुलाखती. तिथंही अडचण आहे, आणि ती माझ्यावरूनच कळली. "आजारामुळे तुम्हाला घर नाकारलं का?" असं मला कुणी नांदेडला विचारलं असतं, तर मी "नाही" म्हणालो असतो. खरंच नाकारलं नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं. गोळ्या कंपासपेटीत ठेवायचो. रूममेट झोपल्यावर घ्यायच्या म्हणून कधी माझाच डोळा लागायचा आणि रात्रीचा डोस चुकायचा. डोस चुकला की फिटची शक्यता वाढते. ती आलीच असती, तर कुशीवर वळवायचं आणि तोंडात काही घालायचं नाही, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. प्रश्नावलीत मात्र माझ्या नावापुढे 'भेदभाव नाही' अशी खूण झाली असती.

म्हणून सध्या माझ्या मुलाखतीच्या कच्च्या आराखड्यात 'भेदभाव' हा शब्दच ठेवलेला नाही. आतापर्यंत किती खोल्या बदलल्या, प्रत्येक वेळी कोण काय म्हणालं (शक्यतो त्याच शब्दांत), मालकाला आजार माहीत होता का, आणि गोळ्या कुठे ठेवत होता, एवढंच विचारायचं. शेवटचा प्रश्न माझ्या मार्गदर्शकांना आधी फालतू वाटला होता. कंपासपेटीचं सांगितल्यावर त्यांनी तो पहिल्या पानावर घ्यायला लावला.