नळी कोणाची?

वाचकहो, "आमच्या घरी नळ आला" असे कुणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोटी उभी राहते. रस्त्याखालच्या मोठ्या नळापासून उंबऱ्यापर्यंत येणारी बारीक नळी मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसते. एकदा पुरली, वर माती लोटली, की दोनदोन पिढ्या तिची आठवण निघत नाही. तिची गोष्ट सांगायची तर अमेरिकेत जावे लागेल, कारण तिथल्या पुष्कळ जुन्या शहरांत ही नळी शिशाची होती.

शिसेच का, असे आपण विचाराल. तर शिसे मऊ. वळवावे तसे वळते, जमीन थोडी खचली तरी तुटत नाही, आणि टिकते फार. शिकागो शहराचा तर नियमच होता की लहान घरांची जोडणी शिशाचीच हवी. १९८६ साली देशभर बंदी आली तेव्हा कुठे तो सुटला.

शिशाचा दोष कुणाला ठाऊक नव्हता असे नव्हे. शिशापेक्षा मातीच्या नळाचे पाणी बरे, शिसे ओतणाऱ्या कारागिरांचे फिकट चेहरे पाहा, असे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातच लिहून ठेवले होते. (आपल्या मलिक अंबराच्या औरंगाबादेतल्या नहरीला खापरी नळ होते. गुरुजींनी मुलांना पाणचक्की दाखवायला नेले तर हेही जरूर सांगावे.)

हे विष दिसत नाही, त्याला चव नाही, पाणी उकळले तरी ते जात नाही. आणि अपाय सर्वांत जास्त लहान मुलांच्या मेंदूला. नळीच्या आत क्षारांचे पुट बसलेले असते तोवर ते बरेचसे आवरलेले राहते. पाण्याचा गुण बदलला की पुट सुटते. वॉशिंग्टनला २००० साली जंतुनाशक द्रव्य बदलले, फ्लिंटला २०१४ साली पाण्याची नदीच बदलली. दोन्हीकडे शिसे घराघरांत पोहोचले.

मग नळ्या बदलाव्यात, एवढेच ना? पण नळी कोणाची? रस्त्याकडचा तुकडा सरकारी, हद्दीच्या आतला घरमालकाचा! वॉशिंग्टनात पुष्कळ ठिकाणी सरकारी तुकडा तेवढा बदलला गेला. शिशाची नळी कापताना हादरे बसतात, कण सुटतात, आणि काही काळ पाण्यातले शिसे उलट वाढते. अर्धे काम कधीकधी न केलेल्या कामापेक्षा वाईट, ते असे.

मॅडिसनकरांनी २००१ साली कामाला हात घातला तो दोन्ही तुकड्यांना. दहाअकरा वर्षांत सुमारे ८,००० नळ्या निघाल्या. मालकाचा निम्मा खर्च, हजार डॉलरपर्यंत, शहराने सोसला. पैसा कुठून? पाण्याच्या उंच टाक्यांवर मोबाइल कंपन्यांना अँटेना लावू दिले, त्याच्या भाड्यातून. मला ही युक्ती फार आवडते.

न्यूआर्कची अडचण निराळी. तिथे बहुतेक वस्ती भाडेकऱ्यांची. पाणी पिणार भाडेकरू, नळी मालकाची, आणि मालकाचा कित्येकदा पत्ताच नाही. आधी तिथेही मालकाकडून काही रक्कम घ्यायची योजना होती. अशाने काम हलेना. शेवटी २०१९ साली शहराने ठराव केला की मालकाच्या परवानगीवाचूनही नळी बदलता येईल, आणि खर्च एक छदामही घ्यायचा नाही. तीन वर्षांच्या आत सुमारे २३,००० घरांपुढे खणले गेले, आणि रस्त्यापासून घरापर्यंत तांब्याची अखंड नळी बसली.