तांब्याच्या नळीचे वैरी

कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ गावी १७९२ साली विल्यम मर्डॉकने दगडी कोळशाच्या वायूवर आपलं घर उजळलं. भट्टीपासून ७० फूट वायू वाहून नेणाऱ्या नळ्या होत्या कल्हईच्या लोखंडाच्या आणि तांब्याच्या. म्हणजे घरगुती गॅसच्या जन्मवेळी तांबं हजर होतं. धंदा वाढला तसं ते मागे पडलं. लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर १८०७ मध्ये शिशाच्या नळ्या आल्या, आणि पुढे स्वस्त लोखंडाने बाजी मारली.

तांबं महाग होतंच, शिवाय कोळशाच्या वायूशी त्याचं पटत नव्हतं. या वायूत ओल, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड आणि थोडं ॲसिटिलीनही असे. ओलसर तांब्यावर ॲसिटिलीनमुळे तांबूस थर धरे. हा कॉपर ॲसिटिलाइड. सुकला की नुसत्या ठोक्याने उडणारा. जुनी नळी खरवडायला घेणाऱ्या कारागिराच्या तो जिवावर बेतू शके.



ब्रिटनने १९६७ ते १९७७ या काळात घरोघरच्या शेगड्या बदलून नैसर्गिक वायू आणला. तो कोरडा. त्यामुळे रस्त्याखालच्या बिडाच्या जुन्या नळांच्या सांध्यांत ठासलेला ताग सुकला आणि तिथून वायू झिरपू लागला. घरात मात्र तांब्याची नळी सोयीची ठरली: हवी तशी वळते, सांधे कमी लागतात. तिथे वैरी उरला गंधक. वायूत हायड्रोजन सल्फाइडचा अंश राहिला, की नळीच्या आत कॉपर सल्फाइडचे काळे पापुद्रे धरतात, सुटतात आणि बर्नरच्या जेटमध्ये अडकतात. नळीला भोक पडण्याच्या कितीतरी आधी ज्योत मंदावते. अमेरिकेची गॅससंहिता १०० घनफुटांत सरासरी ०.३ ग्रेनहून अधिक हायड्रोजन सल्फाइड असलेल्या वायूला तांब्याची नळी वापरूच देत नाही.

नळी धड असली तरी तिच्या टोकाचा पितळी नट तडकू शकतो. या रोगाचा जुना दाखला भारतातलाच आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली, की त्यांची पितळी टरफलं आपोआप चिरत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये कारण सांगितलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहून गेलेला ताण. गॅसच्या नटात हा ताण आवळतानाच भरतो. अमोनिया साफसफाईच्या द्रावणातून येऊ शकतो. त्यामुळे पान्याचा जोर बेताचा ठेवावा लागतो, आणि जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहिलं जातं.