विजेची गाडी : जुनें स्वप्न, नवा हिशेब



पवईंतील आमच्या गृहसंस्थेच्या सभेंत नुकताच एका प्रश्नावर बराच खल झाला. एका सभासदाला विजेची मोटार घ्यावयाची होती व तिची बॅटरी चार्ज करण्यासाठीं तळघरांत स्वतंत्र जोडणी हवी होती. कोणी आगीची भीति घातली; कोणी तारांवरील भाराची शंका काढली; खर्च कोणीं सोसावयाचा, यावर तर सभाच थांबली. मला वाटलें, हा वाद दिसतो तितका नवा नाहीं.

मुंबईंत १८७४ सालीं घोड्यांची ट्रॅम आली आणि ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्रॅम धावूं लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी निघाली. या दोन्ही वाहनांना वीज बरोबर वाहून न्यावी लागत नव्हती. वरच्या तारेंतून ती हवी तेव्हां मिळत होती. त्यांच्या यशाचें मर्म येथेंच आहे.

मोटारीला ही सोय नव्हती. तिला आपली शिदोरी पाठीवर घेऊनच निघावें लागे. प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाची बॅटरी सिद्ध केली होती. १८९९ सालीं जेनात्सी या बेल्जियन गृहस्थानें विजेच्या मोटारींतून ताशीं शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली. १९०० च्या सुमारास अमेरिकेंतील मोटारींपैकीं जवळजवळ एक तृतीयांश विजेवर चालत. परंतु बॅटरी जड, पल्ला तोकडा. उलट पेट्रोल स्वस्त होत गेलें. १९१२ सालीं पेट्रोलची मोटार बटणानें सुरू होऊं लागली आणि हँडल फिरविण्याचा त्रास संपला. विजेच्या मोटारीचें उरलेंसुरलें आकर्षणहि त्याबरोबर गेलें.

मुंबईनें मध्यंतरीं एक निराळा प्रयोग केला. १९६२ सालीं येथें रुळांवांचून तारेवर चालणारी ट्रॉलीबस आली. १९७१ सालीं ती बंद पडली. ट्रॅम तर १९६४ सालींच गेली होती. तारेला बांधलेली गाडी वाट बदलूं शकत नाहीं आणि तारेवांचूनच्या गाडीला शिदोरी पुरत नाहीं, अशी ही कोंडी होती. १९९१ सालीं बाजारांत आलेल्या लिथियम-आयन बॅटरीनें ती पुष्कळ अंशीं फोडली.

आतां घरचा हिशेब पाहूं. तीस युनिटांची बॅटरी मोटारीला सुमारें दोनशें किलोमीटर नेते. पवईहून फोर्टला रोज जाऊन येणाऱ्यास ती तीन-चार दिवस सहज पुरेल. मात्र साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर ती भरावयास दहा तास लागतात. ज्याला रात्रभर गाडी उभी करण्यास स्वतःची जागा व प्लग आहे, त्याला ही गाडी सोयीची. जो रस्त्याच्या कडेला गाडी लावतो, त्याला ती जाच वाटेल. शिवाय पहिली किंमत अधिक, आणि जुन्या बॅटरीचा खर्च पुढें उभाच.

दुसरा आक्षेप धुराचा. १९१५ सालीं खोपोलीच्या वीजगृहांतून मुंबईला वीज आली, ती लोणावळ्याकडील तलावांच्या पाण्यावर झालेली होती. आज महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग कोळशावर होतो. म्हणजे गाडीचा धूर नाहींसा होत नाहीं. त्यांतील कांहीं भाग चंद्रपूर-कोराडीकडील लोकांच्या वाट्याला जातो. तरीहि विजेची मोटर शक्तीचा अपव्यय कमी करते आणि आमच्या रस्त्यावरील मुलांच्या नाकांत धूर जात नाहीं, हा लाभ खरा आहे.

माझें मत विचाराल तर प्रारंभ बसगाडीपासून व्हावा. तिचा मार्ग ठरलेला, रात्रीचा मुक्काम आगारांत, आणि लाभ अनेकांना. मुंबईच्या रस्त्यांवर विजेच्या बसगाड्या आलेल्या आहेत, हें शुभचिन्ह होय. आमच्या सभेनें त्या सभासदाला अखेर जोडणी दिली. मीटर स्वतंत्र, खर्च त्याचा, आणि तारांची तपासणी आधीं. गाडी रस्त्याच्या गर्दींतील जागा मात्र पूर्वींइतकीच अडविणार. त्यावर कोणत्याहि बॅटरींत उपाय नाहीं.